माफीचा दाखला

१

माफीचा दाखला नाहीसा झाल्याचं नबीहला कळलं ते बुधवारी दुपारी. निळ्या प्लास्टिकच्या पाकिटात पासपोर्ट होता, पदवीचं प्रमाणपत्र होतं, जन्माचा उतारा आणि कुटुंबनोंदीचा कागदही होता. सगळं नीट घडी घालून ठेवलेलं. नेमका तो एकच कागद नव्हता.

"आई, तू काढलास का?"

"मी कशाला हात लावू तुझ्या कागदांना? मला त्यातलं काय कळतं?" हाज्जा सनिया स्वयंपाकघरातूनच म्हणाली. शुक्रवारच्या निकाहासाठी बदकं सोलायचं काम चाललं होतं. पण मुलाचा चेहरा पाहिल्यावर तिनं हात पुसले आणि दोघांनी मिळून घर उलटंपालटं केलं. गाद्या उचलल्या, कपाट सरकवलं, कचऱ्याची पिशवीसुद्धा गच्चीवर नेऊन उपडी केली.

कागद नाही म्हणजे पुढचं सगळंच नाही. इजिप्तमधल्या या दुम्यात शहरात कोणी मुलगी मागायला गेला की सासरा चहा येण्याआधी विचारतो, "लष्कराचं काय?" त्याची उत्तरं तीनच. सेवा झाली, माफी मिळाली, नाहीतर मान खाली. नबीहकडे माफी होती, म्हणून तर रबाबच्या वडिलांनी होकार दिला होता आणि कुवेतच्या कंपनीनं हिशेबनिसाची जागा देऊ केली होती. दाखला दाखवल्याशिवाय देशाबाहेर पाऊल टाकता येत नाही.

तळमजल्यावर उस्ताद बहगत राहायचे. दुकानांच्या पाट्या, कबरींवरची नावं, लग्नाच्या पलंगांवर कोरायचे शब्द, असं सगळं लिहून देण्यात त्यांचा जन्म गेला होता. हस्ताक्षर पाहून माणूस ओळखायचे. एकदा भाड्याची खोटी पावती त्यांनी एका अक्षराच्या शेपटीवरून पकडली होती. तेव्हापासून गल्लीत काही हरवलं, कुणाचं भांडण लागलं, की लोक पोलिसांकडे जाण्याआधी त्यांच्या दारात उभे राहायचे.

ते धापा टाकत वर आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "यात रडण्यासारखं काय आहे? भरतीच्या कार्यालयात अर्ज टाक. दुसरी प्रत मिळते."

सनियानं नबीहकडे पाहिलं. नबीह फरशीकडे पाहत होता.

"दुसरी प्रत नको, काका," तो म्हणाला. "तोच कागद सापडायला हवा."

२

उस्ताद खुर्ची ओढून बसले. "पाकिटातून कागद शेवटचे कधी बाहेर काढले होतेस?"

"काल. छायाप्रती काढायला. इथंच टेबलावर मांडून ठेवले आणि मी खाली गेलो होतो. सुतार तुलबा पलंगाचं डोकं घेऊन आला, ते दोघा-तिघांनी धरून वर चढवायचं होतं. परत आलो तर सगळं पाकिटात होतं, आईनं आवरलं असं वाटलं."

"तेवढ्या वेळात घरात कोण होतं?"

"आई होती. रबाब पलंग बघायला आली होती. तुलबा आत-बाहेर करत होता." मग जरा थांबून, "वजदी जेवत होता."

वजदी हा नबीहचा थोरला भाऊ. लहानपणी तापात त्याचे कान गेले आणि बोलणंही तिथंच थांबलं. शाळेत त्याला कुणी घातलंच नाही. तुलबाच्या कारखान्यात तो लाकडावर नक्षी कोरायचा, आणि त्याच्या हातचा गुलाब पाहून कैरोचे व्यापारी दोनदा वळून बघायचे. बाप गेल्यापासून घर त्याच्याच छिन्नीवर चाललं होतं.

उस्तादांनी पाकिटातले उरलेले सरकारी कागद टेबलावर पसरले. पासपोर्ट सोडला तर सगळे एकाच मापाचे, एकाच रंगाचे, खाली तोच गरुडाचा शिक्का. "हाज्जा, हरवलेला कागद यातल्या कशासारखा होता?"

सनियानं पुष्कळ वेळ पाहिलं आणि जन्माच्या उताऱ्यावर बोट ठेवलं. मग कुटुंबनोंदीवर. मग ओशाळून हात मागे घेतला. "मला सगळे सारखेच दिसतात रे. अक्षर कुठं येतं मला?"

"रबाब नेहमी येते?"

"शुक्रवारी येते. गुणी आहे पोरगी. शाळेत शिकवते, पण गर्व नाही. वजदीशेजारी बसून त्याला फुलापानांचे नमुने काढून देते. नाहीतर त्याच्याजवळ बसतंय कोण?"

उस्ताद मुलाकडे वळले. "नबीह, पासपोर्ट कुठं ठेवला होतास?"

"सगळ्यात वर."

"म्हणजे तुझं कुवेत हुकवायचं असतं तर चोरानं पासपोर्टच उचलला असता. तो सोडून त्यानं खालचा एक कागद शोधून काढला, आणि बाकीचे पुन्हा घडी करून ठेवले. त्याला वाचता येतं. आणि त्याला तुझा प्रवास नको होता असं नाही, त्याला तो कागद हवा होता." त्यांनी नबीहकडे रोखून पाहिलं. "काय लिहिलंय त्यात?"

"नेहमीचंच. सरकारी भाषा."

"मी पन्नास वर्षं सरकारी भाषा रंगवतोय, पोरा. नेहमीचं म्हणजे काय?"

नबीह उठला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिला. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला.

३

तुलबाच्या कारखान्यात सरसाचा उग्र वास भरला होता. तुलबा दारातच चहाचा ग्लास घेऊन बसला होता.

"या, उस्ताद! चोर पकडायला आलात? घ्या, हात बांधा!" त्यानं मनगटं पुढं केली. "माझी भाची नबीहला द्यायची होती हे खरं. त्यांनी नाही म्हटलं हेही खरं. पण म्हणून मी कागद चोरू? त्याचं लग्न मोडायचं असतं तर पलंग एवढा देखणा बनवून दिला असता का?"

"देखणा तुझा पलंग नाही. वजदीचा आहे."

"तोच तर! आजकाल त्याचंही लक्ष नाही." तुलबानं आवाज चढवला. वजदी आत पाठमोरा बसून कोरत होता, त्याला काही कळणार नव्हतं. "तुम्ही नमुना दिलात ना, डोक्यावर कोरायच्या शब्दाचा? पहिल्या अक्षरावर तुम्ही दोन ठिपके दिलेत. या शहाण्यानं एकच कोरला! मी बोललो तर मान हलवून नाहीच म्हणतो."

"तू वाचलंस काय कोरलंय ते?"

"मी वाचायला कशाला जातो? मी ठिपके मोजतो. नमुन्यात जेवढे, तेवढे लाकडावर."

उस्ताद संतापले. "माझ्या नमुन्यात चूक नसते," असं म्हणून नमुना उचलून ते तडक घरी आले. दार लावून घेतलं, भिंग काढलं आणि नमुना खिडकीशी धरला.

दोन ठिपके होते.

अरबीत फरह म्हणजे आनंद. त्याच्या पहिल्या अक्षरावर एकच ठिपका असतो. दुसरा दिला की तोच शब्द होतो करह, म्हणजे चिघळलेली जखम. नवरानवरीच्या उशाशी त्यांनी जखम लिहून दिली होती. डोळे वर्षभरापासून दगा देत होते. पाटीची रेघ वाकडी गेली की ते रंगाला दोष देत. बायकोलाही त्यांनी हे सांगितलं नव्हतं.

त्यांनी नमुना गुंडाळून कपाटाच्या मागं टाकला. कुणी पाहू नये एवढाच विचार त्यांच्या डोक्यात होता. चूक दुरुस्त कशी झाली, हा प्रश्न त्या शरमेपुढं त्यांना सुचलाच नाही.

४

गुरुवारी संध्याकाळी नबीहच त्यांना नदीकाठी घेऊन गेला. कठड्याला टेकून, पाण्याकडे बघत बोलला, म्हणजे त्यांच्याकडे बघावं लागणार नाही.

"काका, भरतीच्या भाषेत माणसं दोनच जातीची. पात्र आणि अपात्र. बाप नाही, आणि घरात दुसरा कमावता भाऊ नाही, अशालाच माफी. मला तर भाऊ आहे."

"मग माफी मिळाली कशी?"

"तो असून नसल्यासारखा दाखवला म्हणून. नुसता बहिरा म्हणून भागत नव्हतं. डॉक्टर म्हणाले असते, याचे हात तर चालतात. तेव्हा आम्ही... दाखल्यावर असं लिहिलंय की अर्जदाराचा ज्येष्ठ बंधू वजदी जन्मतः मंदबुद्धी असून कमावण्यास असमर्थ आहे."

नदीतून एक मासेमारीची होडी गेली. तिचा आवाज विरल्यावर उस्तादांनी विचारलं.

"ज्याच्या छिन्नीवर तू कॉलेज शिकलास, तो?"

"काका, नका ना."

"मी काही म्हणतच नाही. जे म्हणायचं ते सरकारी शिक्क्यानिशी तुम्हीच म्हणून बसलात." काठी टेकत ते वळले. "म्हणून दुसरी प्रत नको. प्रत मागितली की फाइल उघडणार, आणि वजदीला पुन्हा डॉक्टरांपुढं न्यावं लागणार."

नबीहनं मान हलवली. मग हळूच म्हणाला, "रबाबनं वाचलं असेल का? तिच्या वडिलांना कळलं की घरात वेडेपण आहे, पुढं पोराबाळांत उतरेल, तर ते लग्न मोडतील. म्हणून तिनंच तो लपवला असेल? मला वाचवायला?"

तर्क पक्का होता. तिला वाचता येत होतं, ती घरात होती, आणि त्या शब्दांशी तिचं देणंघेणं होतं. उस्ताद तसेच रबाबच्या घराकडे निघाले.

५

रबाबच्या हातांवर मेंदी काढणं चाललं होतं. मैत्रिणींना बाहेर पाठवून तिनं दार लोटलं.

"मी कागद घेतला नाही, काका. कुराणावर हात ठेवते."

"त्यात काय लिहिलंय ठाऊक आहे?"

"नाही."

"विचारत का नाहीस मग? दोन दिवस सगळं घर त्या कागदासाठी रडतंय, आणि त्याच्यात काय आहे ते तुला विचारावंसं वाटत नाही?"

ती ओल्या मेंदीच्या बोटांकडे बघत राहिली. डोळे भरून आले. मग तिनं भलतंच विचारलं, "वजदी जेवला का?"

"वजदी?"

"मंगळवारी मी निघाले तेव्हा ताट तसंच टाकून उठला होता. काल आईंना फोनवर विचारलं, तर म्हणाल्या लग्नाच्या गडबडीत विसरतो. काका, तो कधी जेवण विसरत नाही."

बुधवारपासून कपाटामागं गुंडाळून टाकलेला प्रश्न आता उस्तादांसमोर उभा होता. त्यांच्या हातून दोन ठिपके पडले होते. कोरणाऱ्यानं एकच कोरला. मालक ओरडला तरी मान हलवून नाही म्हणाला. ज्याला अक्षर म्हणजे नुसती नक्षी, तो नक्षीतली चूकही जशीच्या तशी उतरवतो. चूक सुधारायची तर शब्द कळावा लागतो.

"पोरी," ते अगदी हळू म्हणाले, "दर शुक्रवारी तू त्याला फुलंपानं काढून देत नव्हतीस."

रबाबनं मेंदीची पर्वा न करता तोंड हातांनी झाकून घेतलं.

६

शुक्रवारी नमाजाआधी उस्तादांनी सगळ्यांना बैठकीत बोलावलं. पलंगाचं डोकं भिंतीला टेकवून ठेवलं होतं. सनिया, नबीह, रबाब, आणि तुलबाही. वजदी दाराशी उभा होता, इस्त्रीचा सदरा घालून. उस्ताद त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले, म्हणजे त्याला त्यांचे ओठ दिसतील, आणि मगच बोलू लागले.

"आधी माझी गोष्ट सांगतो. मला दिसत नाही. वर्षभर लपवलं." त्यांनी नमुना उलगडून टेबलावर ठेवला. "या घराच्या पलंगावर मी आनंदाच्या जागी जखम लिहिली होती. तुलबानं ठिपके मोजले. चूक एकट्यानं पाहिली, आणि बोलून न दाखवता दुरुस्त केली. मला शरम वाटली म्हणून मी नमुना लपवला, नाहीतर बुधवारीच सगळं कळलं असतं."

तुलबानं पलंगाकडे पाहिलं, नमुन्याकडे पाहिलं. "म्हणजे... हा वाचतो?"

"मी शिकवलं," रबाब म्हणाली. "त्यानं वचन घेतलं होतं, लग्नापर्यंत कुणाला सांगायचं नाही म्हणून. नबीहला चकित करायचं होतं त्याला. रस्त्यावरच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, दिसेल ते वाचायचा. मंगळवारी टेबलावर कागद होते..."

नबीहच्या सगळं ध्यानात आलं. त्यानंच टेबलावर पसरलेल्या कागदांतल्या एकावर वजदीला स्वतःचं नाव दिसलं होतं. इतक्या कष्टानं शिकलेलं नाव. मग त्यापुढचे शब्द.

वजदीनं सदऱ्याच्या खिशातून घडी काढली आणि टेबलावर ठेवली. कुणी हात पुढं केला नाही.

सनिया एकदम बोलायला लागली, उस्तादांकडे, भिंतीकडे, कुणाकडेही बघत. "नबीहला लष्करात घेऊन गेले असते! नाजूक आहे तो. मी काय करायला हवं होतं? डॉक्टरांनी विचारायला सुरुवात केली तशी मी वजदीला खूण केली. काही करू नकोस, नुसता हस. तो हसला. माझं ऐकतो ना तो. त्याला काय कळलं असणार, असं वाटलं मला..."

वाक्य तिचं तिलाच ऐकू आलं आणि ती थांबली.

वजदीनं नमुन्याची कोरी बाजू वर केली. कानामागची सुतारी पेन्सिल घेतली आणि लिहायला वाकला. अक्षरं मोठी आणि सावकाश होती, पहिलीतल्या मुलासारखी. लिहून झाल्यावर त्यानं कागद नबीहपुढं सरकवला.

'मला वाटलं माझे कान तपासतायत.'

आणि त्याच्याखाली:

'विचारलं असतं तर हो म्हणालो असतो.'

नबीहनं ते मोठ्यानं वाचलं, कारण आईला वाचता येत नव्हतं. दुसरी ओळ वाचताना त्याचा आवाज गेला, तेव्हा रबाबनं ती पुरी केली.

खालून कुणीतरी हाक मारली. निकाह लावणारे काझी आले होते.

"त्यांना सांगा, आज नाही," रबाब म्हणाली.

"माझ्यामुळं?" नबीहनं विचारलं.

"हो, तुझ्यामुळंच. त्याच्यामुळं असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही."

वजदी खोलीतून निघून गेला होता. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला. तो उभ्याउभ्याच थंड भात खात होता.

७

रविवारी नबीह दाखला घेऊन भरतीच्या कार्यालयात गेला. खिडकीतल्या कारकुनाला आधी त्याचं बोलणंच कळेना.

"हरवला होता, सापडला, मग आता काय पाहिजे?"

"परत करायचाय. त्यातली माहिती खोटी आहे. माझा भाऊ कमावतो. खोटं मी सांगितलं, मी एकट्यानं."

कारकुनानं चष्मा वर केला. "लोक इथं माफी मागायला येतात रे. परत करायला आलेला तूच पहिला. घरी जा, झोप काढ, उद्याही असंच वाटलं तर ये."

तो दुसऱ्या दिवशीही गेला. पुढं चौकशी झाली, न्यायालयात उभं राहावं लागलं, दंड झाला. वजदीला पुन्हा डॉक्टरांपुढं बोलावलं. या वेळी उत्तरं त्यानं स्वतः लिहून दिली. नव्या कागदावर आलं की कर्णबधिर, परंतु कमावण्यास समर्थ. कुवेतची जागा दुसऱ्याला गेली. रबाबच्या वडिलांनी साखरपुड्याची अंगठी परत मागवली नाही, पण तारीखही दिली नाही. ती शुक्रवारी येत राहिली, ती वजदीला शिकवायला. नबीहनं एकदा तिला विचारलं, थांबशील का? ती म्हणाली, "अजून मलाच माहीत नाही. तू जाऊन ये."

भरतीच्या दिवशी सकाळी छावणीच्या फाटकाबाहेर गर्दी होती. केस कापलेली मुलं, पिशव्यांत कोंबलेली शिदोरी, रडणाऱ्या आया. नबीहनं भावाला मिठी मारली आणि सोडेना. वजदीनंच त्याची बोटं एकेक करून सोडवली, त्याची कॉलर सरळ केली आणि पाठीवर थाप मारून पुढं ढकललं. नबीह दोनदा वळला. तिसऱ्यांदा वळेपर्यंत फाटक लागलं होतं.

वजदी परतीच्या गाडीची चौकशी करायला गेला. चालकासमोर उभा राहून तो चिठ्ठीवर काहीतरी लिहून दाखवत होता.

सनिया कठड्यावर बसली. शेजारी तशीच एक आई बसली होती, ओढणीनं डोळे पुसत. म्हणाली, "गेला हो माझा. तुमचा धाकटा का?"

"धाकटा."

"मग आता घर कोण चालवणार, हाज्जा?"

उस्ताद बहगत सनियाच्या मागं उभे होते. त्यांना तिचा चेहरा नीटसा दिसत नव्हता, पण आवाज ऐकू आला.

"थोरला आहे ना," ती म्हणाली. "पहिल्यापासून तोच चालवतो. कारागीर आहे. लिहितो-वाचतो."

"नशीबवान आहात बाई."

ती बाई उठून गेल्यावर उस्ताद पुढं आले. "हेच त्याच्यासमोर उभी राहून सांग, सनिया. तुझे ओठ त्याला कळतात."

गाडीजवळून वजदी हात हलवून बोलावत होता. त्यानं पुढची जागा आईसाठी धरून ठेवली होती.

"सांगेन," ती म्हणाली. ओढणी सारखी करण्याच्या निमित्तानं तिनं तोंड फिरवलं. "आज नको, उस्ताद. आज मला त्याच्याकडे बघवत नाही."

ती उठली आणि मान खाली घालून गाडीकडे चालू लागली.